पस्तीसचे स्क्रू

छताला लावलेलं ते पांढरं गोल यंत्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. धूर आला की कोकलतं, एरवी लाल डोळा मिचकावत गप्प बसतं. पण ते वर टिकतं कशाच्या जोरावर, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मावशींच्या डोक्यात मात्र गेली बावीस वर्षं दुसरं काही नव्हतं. डिटेक्टर तयार करणारे वेगळे, शिडीवर चढून ते लावणारे फिटर वेगळे, आणि या दोघांच्या मधे मावशींचं टेबल.

कारखाना म्हणायचा आपला. होती एक लांब खोली, वर पत्रा, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधे आठ टेबलं. आठ टेबलांवर आठ बायका. प्रत्येकीला एक नंबर, आणि तो नंबर छापलेली चिठ्ठी तिच्या हातच्या प्रत्येक पाकिटात. काही कमीजास्त निघालं तर कुणाला बोलवायचं ते कळावं म्हणून. मावशी सात नंबर.

पाकिटं दोन तऱ्हेची. साध्या पाकिटात एक प्लास्टिकचा बेस, पंचवीस मिलिमीटरचे दोन स्क्रू आणि दोन गिट्ट्या. गिट्टी म्हणजे छताला भोक पाडून त्यात ठोकायची प्लास्टिकची नळी. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि काँक्रीटला घट्ट धरते. दुसरं जाळीचं पाकीट. जिथे डिटेक्टरला चेंडू लागायची, बांबू लागायची भीती असते, तिथे त्याच्यावर लोखंडी तारेची टोपलीसारखी जाळी लावतात. ती जड, म्हणून तिला चार स्क्रू, आणि तेही लांब, पस्तीसचे. वरचा गिलावा भुसभुशीत असतो. तो पार करून स्क्रूने आतलं काँक्रीट गाठलं नाही, तर जाळी नुसती गिलाव्याच्या भरवशावर लोंबकळत राहते.

मावशी हे स्क्रू मोजत नसत. ट्रेमध्ये हात घातला की चिमटीत बरोबर दोन यायचे, नाहीतर बरोबर चार. लांबीही बोटांनाच कळायची. शेजारची सहा नंबर म्हणायची, मावशी, तुमच्या बोटांना डोळे फुटलेत. मावशी म्हणायच्या, बरंच आहे की, वरचे दोन तुझ्या करामती बघायला मोकळे राहतात.

फिटरच्या हालांची त्यांना फार जाणीव होती. तो बिचारा शिडीच्या टोकाला, मान मोडेपर्यंत वर बघतोय, डोळ्यात गिलाव्याची पूड जातेय, आणि अशात पाकीट फोडल्यावर एक स्क्रू कमी निघाला, तर त्याच्या तोंडून काय निघेल? त्या म्हणायच्या, कुणाच्या शिव्या खाऊन घरी जाऊन जेवायचं नाही.

आणि जावईसुद्धा त्यांना या पाकिटातूनच मिळालेला. सात वर्षांपूर्वी एक उंचसा फिटर तणतणत आला होता. पाकिटात एक स्क्रू कमी होता. चिठ्ठी होती चार नंबरची, पण चार नंबर त्या दिवशी रजेवर. मावशींनी त्याचं सगळं ओरडणं मुकाट ऐकून घेतलं, एकाच्या जागी दोन स्क्रू दिले, बसायला स्टूल दिलं, आणि मग हळूच विचारलं की घरी कोण कोण असतं. वर्षभराने मुलगी त्याच्या घरी गेली. मालक अजून चिडवायचे, मावशी, स्क्रू द्यायचा होता हो, तुम्ही मुलगीच दिलीत.

जावई अबोल होता. बायकोच्या स्वयंपाकाचं कौतुक त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. पण सात नंबरची पाकिटं हाताला आली की भेटीत हटकून सांगायचा, "आई, आज तुमच्या हातची चाळीस लावली." मावशींना तेवढं आठवडाभर पुरायचं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मावशी घरात येऊन पदराने तोंड पुसत होत्या, तर दारात लेक उभी. हातात पिशवी नाही, बरोबर मूल नाही. आईला पोरीचा चेहरा बघून जे कळायचं ते कळतं.

"यांना घरी बसवलंय," ती म्हणाली.

मग बसून तिने सगळं सांगितलं. नदीपलीकडे म्हाताऱ्या माणसांचं निवासगृह आहे, तिथलं काम जावयाने तीन महिन्यांपूर्वी केलं होतं. तिथल्या जेवणघरात आज दुपारी छताची एक जाळी खाली आली. सकाळी सफाईवाल्याने लांब बांबूच्या झाडूने जळमटं काढली होती, तेव्हा झाडू तिच्यात अडकला असावा. लगेच नाही पडली. जेवणं चालू असताना पडली, थेट टेबलावर. एका आजींच्या मनगटाला तिची कड लागली. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजून टम्म झालंय. जावयाच्या ठेकेदाराने जागच्या जागी सांगून टाकलं की हे हलगर्जी फिटिंग आहे, आणि सोमवारपर्यंत विचार करून कळवतो, तोवर इमारतीत पाऊल ठेवायचं नाही.

"आणि ते काय म्हणाले?"

"यांना तोंड आहे का आई? मान खाली घालून घरी आले. मी विचारलं, चूक तुमची होती का, तर म्हणतात, बघू."

मावशींनी विचारलं, स्क्रू जाळीबरोबर निघून आले की छतातच राहिले? लेकीला कुठलं माहीत असायला. ती म्हणाली, आई, माझा संसार उघड्यावर पडायची वेळ आलीय आणि तू स्क्रूचं काय घेऊन बसलीस. तेवढ्यात आतून तिचे वडील बाहेर आले. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे अर्धी गोष्ट पुन्हा सांगावी लागली. ऐकून ते म्हणाले, म्हातारी वाचली ना, मग देवाची कृपा, बाकीचं निस्तरता येतं. लेक थोडी शांत झाली आणि गेली.

मावशी तशाच बसून राहिल्या. निवासगृहाची ऑर्डर, तीन महिने झालेले, जाळीची चाळीस पाकिटं. ती चाळीस त्यांनीच केली होती. सगळी एका दुपारी.

आणि त्या आठवड्यात त्यांचं बोट कापलेलं होतं.

गोष्ट किती साधी. डब्याच्या झाकणाचा पत्रा लागून उजव्या हाताची तर्जनी चांगली चिरली होती, आणि शेजारच्या बोटासकट जाड पट्टी बांधलेली. सहा नंबर म्हणाली होती, दोन दिवस घरी बसा. मावशी हसल्या होत्या. हात आपले आपण चालतात, म्हणाल्या होत्या. पण पट्टीखाली बोटाला स्क्रू कुठे लागत होता? लागत होतं ते नुसतं कापड. चार स्क्रू उचलता येत होते, ते लांब की आखूड हे कळत नव्हतं. स्क्रूचे खोके दोन्ही एकसारखे, पिवळे, लांबीचा आकडा कडेला बारीक अक्षरात. ट्रे संपला की प्रत्येक बाई आपला आपण भरते. त्या दुपारी मधेच पस्तीसचा ट्रे संपला होता. मावशींनी खोका आणून ओतला होता. तो आकडा आपण वाचला होता का, हे त्यांना आता काही केल्या आठवेना.

त्या मनाला समजावू लागल्या. प्रत्येक पाकीट काट्यावर जातं. वजन बरोबर असलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. चार स्क्रू आखूड पडले तर काटा सांगणार नाही होय?

पण काटा सांगणार नव्हता. तारेच्या जाळ्या एकीसारखी दुसरी नसते, पाच-सात ग्रॅमचा फरक असतोच. त्यामुळे जाळीच्या पाकिटांना सारखा लाल दिवा लागायचा आणि काम खोळंबायचं. म्हणून मागच्या वर्षी काट्याला दहा ग्रॅमची सूट ठेवून घेतली होती. चार आखूड स्क्रूंनी वजन घटेल ते जेमतेम तीन ग्रॅम. काटा आनंदाने हिरवा झाला असणार. आणि ती सूट मालकांकडे हट्ट धरून मागितली होती कुणी, तर मावशींनी.

बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचल्या. तिथे प्रत्येक ऑर्डरचं एक जादा पाकीट नमुना म्हणून कपाटात ठेवायची पद्धत होती. किल्ली भांडारवाल्याकडे. मावशींनी त्याला सांगितलं की जाळीची चिठ्ठी कुठे लावतात ते नव्या बाईला दाखवायचंय. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी ते दोनदा सांगितलं. भांडारवाला म्हणाला, मावशी, नवी बाई तर अजून यायचीय. मग म्हणाला, असू दे, घ्या.

पाकीट पारदर्शक होतं. उघडायची गरजच नव्हती. मावशींच्या टेबलाच्या कडेला पस्तीस मिलिमीटरवर एक खाच केलेली होती. त्यांनी प्लास्टिकमधूनच एक स्क्रू कोपऱ्यात सरकवला आणि खाचेशी लावला. टोक खाचेपर्यंत पोचलं नाही. चांगलं सेंटिमीटरभर अलीकडे राहिलं. दुसरा लावला, तिसरा लावला, चौथा लावला. चौथ्याने तरी पोचावं म्हणून त्यांनी देवाचं नावही घेतलं. मग आपलंच त्यांना वाईट वाटलं. देवाने काय स्क्रू ओढून लांब करायचे का?

चिठ्ठी होती सात नंबरची.

पाकीट जागेवर गेलं आणि मावशी टेबलावर बसल्या. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक स्क्रू डोळ्यांनी पाहून, खाचेला लावून भरला. दुपारपर्यंत निम्मंसुद्धा काम झालं नाही. सहा नंबरने विचारलं, तब्येत बरी नाही का. मावशी म्हणाल्या, बरी आहे. पण डोळ्यांपुढे ते जेवणघर काही हलेना. ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी लांब टेबलं दिसायची, वाकलेल्या पांढऱ्या माना दिसायच्या, हळूहळू घास चावणारी तोंडं दिसायची, आणि वर जाळ्या. एक पडली. एकोणचाळीस राहिल्या, त्यातल्या आखूड स्क्रूच्या किती, कुणास ठाऊक. माणसं दिवसातून तीन वेळा त्यांच्या खाली जाऊन बसणार. सफाईवाला झाडू घेऊन फिरणार.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या दोन गल्ल्या ओलांडून लेकीच्या घरी गेल्या. लेक मुलाला शाळेतून आणायला गेली होती. जावई जमिनीवर बिघडलेला पंखा खोलून बसला होता. घरी बसवलेला माणूस काहीतरी खोलतोच.

त्याने उठून खुर्ची दिली. मावशी बसल्या नाहीत.

"तुम्ही पडलेल्या जाळीचा स्क्रू मोजलात?" त्यांनी विचारलं.

त्याने हातातलं पंख्याचं पातं खाली ठेवलं. मग उठला आणि खिडकीतल्या डबीतून एक स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. टोकाला अजून पांढरा गिलावा चिकटलेला होता, आणि बारीकशी गिट्टी तशीच अडकलेली.

"कालच मोजला," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का आई, लावताना हाताला कळलंच होतं. पस्तीसचा स्क्रू बसायला वेळ घेतो, शेवटी जोर लावावा लागतो. हे पटकन बसत होते. दोन-तीन जाळ्यांना वाटलं, काढून बघावा. मग चिठ्ठी बघितली."

"सात नंबर."

"सात नंबर असलं की मी बघतच नाही."

मावशींनी खुर्ची ओढली. त्या बसल्या. पाच वर्षांच्या नातवाचा एक बूट खुर्चीखाली पडला होता, तो त्यांनी उगाचच उचलून मांडीवर घेतला.

जावयाने मग तुटक तुटक सांगितलं. काल ठेकेदार ओरडत होता, तेव्हा स्क्रू खिशातच होता. काढून दाखवला असता तर तिथल्या तिथे सुटला असता. पण स्क्रू दाखवला की पाकीट आलं, पाकीट आलं की चिठ्ठी आली. त्याने ठरवलं होतं की रविवारी गुपचूप जाऊन सगळे स्क्रू बदलायचे, स्वतःच्या पेटीतले पस्तीसचे घालायचे. कुणाला कळायची गरज नाही. पण आज सकाळी नुसता अंदाज घ्यायला गेला तर पहारेकऱ्याने फाटकातूनच परत पाठवलं. नाव लिहून ठेवलंय म्हणाला.

"आणि पडलेल्या जागी?"

"ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला. त्याने ती एक लावली. बाकीच्यांना हातही लावला नाही. त्याला कोण सांगणार?"

बाहेरून लेकीचा आणि नातवाचा आवाज आला. जावई घाईघाईने म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका आई. सोमवारी मला काढतील, दुसरीकडे काम मिळेल. फिटरला काम मिळतं. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

मावशींना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला वाचवताय, मी तुम्हाला वाचवायचा विचार करतेय, आणि तिकडे त्या माणसांच्या डोक्यावर काय टांगलंय ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. हे कसलं नातं सांभाळणं, जावईबुवा?"

 मावशींनी बूट खाली ठेवला, स्क्रू रुमालात बांधला आणि निघाल्या. दारात लेक म्हणाली, आलीस काय आणि चाललीस काय. त्या म्हणाल्या, काम आहे.

वाटेत त्यांचं घर लागलं. यजमान ओट्यावर बसले होते. त्यांना ओरडून सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं, म्हणून मावशी त्यांना आत घेऊन गेल्या आणि दार लावून सगळं सांगितलं. ते विचार करून म्हणाले, "अगं, तीन महिने टिकल्याच ना? एकच पडली, तीही बांबू लागून. मालकाला सांगायचंच असेल तर सावकाश सांग. आधी ठेकेदार काय म्हणतो ते बघ."

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मावशी घोटभर पाणी प्यायल्या. सावकाश या शब्दात किती गारवा आहे, असं त्यांना वाटलं. आज बुधवार. सोमवारपर्यंत पाच दिवस. पाच दिवसांत पंधरा जेवणं. त्यांनी पेला पालथा घातला.

मालक काचेच्या खोलीत बसायचे. त्या दिवशी ते बाहेरून परतले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. माणूस वाईट नव्हता. बायकांना वेळेवर सुट्टी द्यायचा, कुणाचं आजारपण असलं तर विचारपूस करायचा. मावशींनी आत जाऊन रुमाल सोडला, स्क्रू टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. बोट, पट्टी, पिवळा खोका, कपाटातलं पाकीट. भांडारवाल्याशी खोटं बोलल्याचंही सांगितलं.

मालकांनी स्क्रू उचलला नाही. त्यांनी काट्याची वही काढली. त्यात प्रत्येक पाकिटाचं वजन आपोआप छापून येत असे. पानं उलटून म्हणाले, "हे बघा मावशी. चाळीसच्या चाळीस हिरवी. आपल्याकडून माल बरोबर गेलाय. फिटरने पेटीतले कुठले तरी स्क्रू वापरले असतील."

"तो फिटर माझा जावई आहे."

"म्हणूनच तुम्हाला असं वाटतंय."

"नमुना पाकीट कपाटात आहे. ते काही जावयाने लावलेलं नाही."

 मावशींनी वहीवर बोट ठेवलं. त्या दिवशी पट्टी होती तेच बोट, आता नुसता एक पांढरा वळ राहिलेला. "आणि हे हिरवं कसं आलं ते तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दहा ग्रॅमची सूट मीच मागितली होती. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, मावशी, सूट वाढवली तर काटा आंधळा होईल. मी म्हटलं, माझे हात आहेत ना."

मालकांनी चष्मा काढून ठेवला. आवाज खाली आणून ते बोलू लागले. हे असं तोंडी ठीक आहे. पण निवासगृहाला कळवायचं म्हणजे लेखी द्यावं लागेल. लेखी दिलं की कुणाचं तरी नाव येईल. नाव आलं की त्या नावाला टेबलावर ठेवता येणार नाही, त्यांची कितीही इच्छा असली तरी. त्यापेक्षा दोन दिवस द्या, ठेकेदाराशी बोलून, तपासणीच्या नावाखाली माणसं पाठवू, गाजावाजा न करता स्क्रू बदलून घेऊ. सगळ्यांचं निभेल.

"दोन दिवसांनी माणसं पाठवा," मावशी म्हणाल्या. "लेखीसुद्धा सावकाश घ्या, मी सही करते. पण फोन आत्ता करा. संध्याकाळचं जेवण त्यांच्याकडे साडेसहाला असतं. आज त्यांनी त्या खोलीत जेवायचं नाही, एवढं सांगा."

"मावशी, फोन केला की सगळं उघडं पडतं."

"हो."

"जरा बाहेर बसा. मला विचार करू दे."

"करा ना. मी इथेच बसते."

आणि त्या बसल्या. बावीस वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाठ न टेकता, कडेवरच बसल्या.  काचेतून सगळं दिसत होतं. सात नंबरचं रिकामं टेबल, त्याच्याकडे आणि मग इकडे बघणारी सहा नंबर. मालकांनी दोन कागद हलवले, एक फोन घेतला, उगाच लांबवला. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. मग साडेचार. मनातल्या मनात त्या देवाचं नाव घेत होत्या, पण मागत काही नव्हत्या. काय मागायचं तेच ठरत नव्हतं. आपलं टेबल राहू दे म्हणावं, तर तोंड उघडेना.

पावणेपाचला मालक म्हणाले, "तुम्ही हलणार नाही ना?"

"नाही."

त्यांनी नंबर फिरवला. बोलताना ते मावशींकडे बघत नव्हते. आमच्याकडून चुकीचे स्क्रू आलेत, म्हणाले. जेवणघर, व्यायामाची खोली आणि व्हरांडे आज बंद ठेवा, म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तो कसला आवाज होता ते शब्द न कळताही कळत होतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मावशी, उद्यापासून पाकिटं भरू नका. पुढचं काय ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मावशी हो म्हणाल्या आणि आपल्या टेबलावरचे ट्रे झाकून घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी निवासगृहाने माणसं लगेच पाठवा म्हणून तगादा लावला. भोकं कुठे किती खोल आहेत ते एकट्या जावयालाच माहीत, त्यामुळे ठेकेदाराला त्यालाच बोलवावं लागलं. जावयाने शिडीवर चढण्याआधी ठेकेदाराला सांगून टाकलं की स्क्रू आखूड आहेत हे हाताला कळूनही त्याने पाहिलं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, वा, आता सगळेच राजे हरिश्चंद्र झाले, आधी काम कर. नवीन स्क्रू मालकांनी स्वतः मोजून दिले. बरोबर कुणाला पाठवायचं, हा प्रश्न आला तेव्हा मावशी म्हणाल्या, मी जाते, मला काही पाकिटं भरायची नाहीत.

जेवणघर त्यांनी कल्पिलं होतं त्याहून लहान होतं, आणि छत उंच. टेबलं भिंतीकडे सरकवलेली. मावशी शिडीखाली उभ्या राहिल्या. प्रत्येक स्क्रू पट्टीला लावायचा, पस्तीस म्हणायचं, मग वर द्यायचा. जावई वरून पस्तीस म्हणायचा आणि घ्यायचा. जुने स्क्रू काढताना पेचकस लावायचीसुद्धा गरज पडेना. पहिल्या जाळीचे दोन बोटांनीच निघाले. तिसऱ्या जाळीला त्याने नुसता हात लावला आणि ती गिट्ट्यांसकट त्याच्या हातात आली. त्याने ती तशीच खाली मावशींच्या हातात दिली.  ही आज संध्याकाळी पडली असती का? उद्या? त्याखाली कोण बसलं असतं?

प्रत्येक जाळी बसली की जावई तिला हुक लावून पाण्याने भरलेला पाच लिटरचा डबा टांगायचा आणि शंभरपर्यंत मोजायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी डब्याकडे बघत राहायच्या. 

दारात एक आजी केव्हापासून खुर्ची टाकून बसल्या होत्या. मनगटाला पांढरी पट्टी, हात गळ्यात बांधलेला. कालपासून सगळ्यांना मांडीवर ताट घेऊन खोलीत जेवावं लागत होतं, त्याचा त्यांना फार राग होता. एका हाताने ताट सांभाळायचं की घास घ्यायचा, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. जेवणघराच्या जाळ्या संपल्या, शिडी व्हरांड्यात गेली, तेव्हा त्यांनी मावशींना हाक मारली.

"बाई, हे पडलं कशामुळे? नीट कुणी सांगेना. एक म्हणतो झाडू, एक म्हणतो फिटर."

मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "स्क्रू आखूड होते. ते पाकीट मी भरलं होतं."

आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पट्टीच्या हाताकडे पाहिलं, मग छताकडे.

"आता नीट बसवलंत?"

"हो."

"खात्री आहे?"

 मावशींना जेवणघरातल्या सगळ्या जाळ्या एकेक करून आठवल्या. "मोजून दिलेत," त्या म्हणाल्या. "वजन लावून बघितलंय."

"मग तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"चला तर. मला टेबलावर जेवायचंय, आणि एकटीला त्या जाळीखाली बसायचं धाडस होत नाही. तुम्ही भरलंय ना, तुम्ही बसा."

सफाईवाल्याने एक टेबल मधे ओढलं. स्वयंपाकघरातून दोन ताटं आली. आजींनी आपली खुर्ची आधी जिथे असायची तिथेच मांडायला लावली, आणि समोर मावशींची. बाकीची म्हातारी माणसं दारात दाटीवाटीने उभी राहून बघत होती. कुणी आत यायला तयार नव्हतं. व्हरांड्यातून जावयाचं मोजणं ऐकू येत होतं.

मावशींनी घास केला.  वर बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि वर बघितल्याशिवाय तो घास काही तोंडात जाईना. डोक्यावर बरोबर ती जाळी होती, तिच्या आत यंत्राचा लाल ठिपका लागत विझत होता. समोर आजी डाव्या हाताने, सांडत सांडत जेवत होत्या, आणि दर दोन घासांनी मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या.

मावशींनी घास तोंडात घातला आणि चावायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दारातून एक म्हातारबाबा काठी टेकत आत आले, खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि आपलंही ताट आणा म्हणाले.